पांढरीची खापरं आणि कॉम्प्युटरची सीट: एक प्रकरण अभ्यास

नावं बदलली आहेत, गावाचं नाव दिलेलं नाही. मुलीने आणि घरच्यांनी हे लिहायला हरकत घेतली नाही. धाकट्या भावाने मात्र एक अट घातली: "मला बिचारा करून लिहू नका." ती पाळायचा प्रयत्न केला आहे.

मी लातूरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. बारावीचा निकाल लागला की पुढचा दीड महिना घरी पालकांची रीघ असते. बहुतेकांचा प्रश्न कॉलेज कुठलं एवढाच असतो. शाखा कुठली, हा प्रश्न घेऊन येणारे थोडे. रेणुका त्यातली.

पार्श्वभूमी

रेणुकाचं गाव तेरपासून मोटारसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. तेर म्हटलं की गोरोबाकाका आठवतात. त्याच गावाला दोन हजार वर्षांपूर्वी तगर म्हणायचे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर अशी त्याची नोंद आहे. इथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर तिथली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती जमवल्या. त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. रेणुका पाचवीत असताना शाळेची सहल तिथे गेली होती. बाकीची पोरं पायऱ्यांवर डबे उघडून बसली, ही काचेच्या कपाटापुढून हलेना.

तिच्या स्वतःच्या गावालाही पांढर आहे. जुन्या वस्तीचं टेकाड म्हणजे पांढर. तिथली माती राखेने, शेणाने, हाडांनी कसदार झालेली असते, म्हणून जुने लोक गाड्याच्या गाड्या भरून ती शेतात टाकायचे. तिच्या आजोबांनीही टाकली होती. त्यामुळे घरच्या रानात नांगर फिरला की खापरं वर यायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिने ती साठवली होती.

घरची सहा एकर जमीन, कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर. वडील (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात), आई, रेणुका आणि चार वर्षांनी लहान ओंकार. दहावीला चांगले गुण पडले म्हणून २०१५ मध्ये तिला लातूरला घातलं. ज्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्या एप्रिलमध्ये ती इथे एका खोलीत चौथी मुलगी म्हणून राहत होती. मेस, खोली, क्लास, हे सगळं त्या दुष्काळात अण्णांनी कसं निभावलं ते मी तेव्हा विचारलं नाही.

२०१७ मध्ये तिला बारावीला ८१ टक्के पडले आणि सीईटीला २०० पैकी ११८. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची सीट मिळण्यासारखी होती.

पेच

अण्णा, आई आणि रेणुका माझ्याकडे आले ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. शेतकऱ्यांचा संप नुकताच झाला होता, कर्जमाफीची घोषणा झाली होती, निकष कुणालाच नीट ठाऊक नव्हते. त्या वर्षी तूर उदंड पिकली आणि भाव कोसळला. एप्रिलमध्ये सरकारी खरेदी थांबल्यावर अण्णांची नऊ पोती घरातच राहिली होती. कॉलेजची फी भरायची ती तूर विकून.

अण्णा म्हणाले, "सर, तिला खापराचं शिकायचंय म्हणे. तुम्हीच सांगा आता."

रेणुका गप्प होती. मग तिने पिशवीतून तो डबा काढला आणि माझ्या टीपॉयवर ठेवला. मला वाटतं, तिची बाजू मांडायची तिची हीच पद्धत होती.

अण्णांचा प्रश्न होता, "त्यात मिळतात किती?" आईचा प्रश्न वेगळा होता. "मिळायला लागणार कधीपासून?" त्या दिवशी मी अण्णांच्या प्रश्नाला तपशिलात उत्तर दिलं आणि आईच्या प्रश्नाला "पाचेक वर्षं" म्हणून पुढे सरकलो. आता मागे वळून पाहताना कळतं, खरा प्रश्न आईनेच विचारला होता.

आधी एक परीक्षा

पर्याय मांडण्याआधी मी तिला आठ दिवसांचं काम दिलं. मूर्ती आणि नाणी बघून कुणीही हरखतं. पुरातत्त्वातली बहुतेक वर्षं खापरं धुण्यात, त्यांच्यावर क्रमांक घालण्यात आणि त्यांची चित्रं काढण्यात जातात, एवढं मला एका विद्यार्थ्यामुळे माहीत होतं. तेच करायला सांगितलं.

आठव्या दिवशी ती वही घेऊन आली. मडक्याच्या काठाचा तुकडा मिळाला की मूळ मडक्याचं तोंड किती रुंद होतं ते काढता येतं. एकात एक वर्तुळं आखलेल्या कागदावर काठ टेकवायचा आणि त्याचा बाक कुठल्या वर्तुळाशी जुळतो ते पाहायचं. हिने कंपासने पुठ्ठ्यावर अशी वर्तुळं आखली होती, एकेक सेंटिमीटरच्या अंतराने. डब्यातल्या चौसष्ट खापरांपैकी एकोणीस काठाची निघाली. प्रत्येकाची नोंद होती: रंग, जाडी, आत काळं की लाल, कुठल्या बांधाजवळ सापडलं. एका ओळीपुढे लिहिलं होतं, "हे बहुतेक आपल्या आजीच्या माठाचं आहे. जुनं नाही."

ती ओळ वाचून माझी खात्री पटली. नुसत्या हौसेने गोळा करणाऱ्याने ते खापरही जुन्यातच धरलं असतं.

(तो डबा पुढे तिने संग्रहालयात नेऊन दिला. तिथल्या माणसाने अर्धं परत केलं, म्हणाला, असलं आमच्याकडे पोत्याने आहे.)

तोललेले पर्याय

एका फुलस्केप कागदावर मी चार रकाने पाडले. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पहिला रकाना, इंजिनिअरिंग. शिक्षण शुल्कात शासनाची निम्मी सवलत धरूनही वसतिगृह, मेस आणि इतर खर्च मिळून वर्षाला लाखाच्या पुढे जात होतं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, ही जमेची बाजू. चार वर्षांनी आयटी कंपनीत नवख्याला मिळायचा तो पगार वर्षाला तीन-साडेतीन लाख. तेव्हा तो आकडा बरीच वर्षं तिथेच अडकलेला होता आणि राज्यात इंजिनिअरिंगच्या हजारो जागा दरवर्षी रिकाम्या राहत होत्या. तरीही चार वर्षांनंतर एक ठरावीक पगार दिसत होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. पिंपरीला कंपनीत असलेल्या मामाचा जोर याच रकान्यावर.

दुसरा, इतिहास घेऊन बी.ए. सर्वांत स्वस्त. "बी.ए. करायला लातूरला कशाला घातली मग?" अण्णांच्या या एका वाक्यात तो रकाना निकालात निघाला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दोन वर्षं विज्ञानाला घातलेला पैसा त्यांना पाण्यात गेलेला दिसत होता.

तिसरा, भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. आणि मग पुरातत्त्वात एम.ए. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. माती, दगड, नदीचे थर कळणारा माणूस उत्खननावर लागतोच. शिवाय मन बदललं तर भूजल सर्वेक्षण, खाणी, भूशास्त्रातलं एम.एस्सी. असे रस्ते उघडे राहतात.

चौथा रकाना सगळ्यांच्या आवडीचा: आधी इंजिनिअरिंग, हातात नोकरी, मग हवं तर पुरातत्त्व. ऐकायला सगळ्यांत शहाणपणाचा. मी याच्यापुढे फुली मारली, कारण कर्जाचा हप्ता सुरू झालेला माणूस नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झालेला मी तरी फार पाहिला नव्हता. पण अशी माणसं आहेतच, आणि ती फुली मी जरा घाईने मारली.

निर्णय

दोन बैठकांनंतर तिसरा रकाना ठरला. अण्णांना पटलं ते "मन बदललं तर" या शब्दांनी. आईने फक्त विचारलं, "म्हंजी पाच वर्सं धरायची ना?" मी हो म्हणालो. तीन अधिक दोन, पाच. सरळ बेरीज होती.

तूर पडत्या भावात विकली गेली. रेणुका पुण्याला गेली.

पुढे काय झालं

बी.एस्सी.ची तीन वर्षं बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सुट्टीत ती एका उत्खननावर पंधरा दिवस स्वयंसेवक म्हणून राहून आली आणि तिथून मला फोनवर फक्त चहाबद्दल बोलली, इतकी थकली होती.

खरा फाटा आला २०२० मध्ये. शेवटच्या वर्षाची परीक्षा टाळेबंदीत अडकली आणि ऑक्टोबरला ऑनलाइन झाली. ती मार्चपासून गावी होती. तेवढ्यात लग्नाचा विषय निघाला. पन्नास माणसांत लग्न उरकायला परवानगी होती, म्हणजे मांडव, वाजंत्री, गावजेवण, सगळा खर्च वाचत होता. त्या वर्षी आमच्या भागात कितीतरी मुलींची लग्नं या एकाच हिशेबाने लागली. दोन स्थळं सांगून आली. एक मुलगा पुण्यात नोकरीला होता, "शिकू देऊ" म्हणाला.

त्याच महिन्यात प्राध्यापकांनी तिला सुचवलं की भूशास्त्रातच एम.एस्सी. कर. केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची परीक्षा त्यावर देता येते, पगार उत्तम. नुसत्या बी.एस्सी.वर ते दार उघडत नाही. पुरातत्त्वाचं एम.ए. घेतलं की ते बंदच. म्हणजे २०१७ मध्ये ज्या "मन बदललं तर"वर अण्णा राजी झाले होते, तो रस्ता वापरायची किंवा सोडायची वेळ हीच होती. हे मी त्यांना तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. रस्ते उघडे राहतात हे सांगितलं, ते कुठल्या तारखेपर्यंत उघडे राहतात हे सांगितलं नाही.

तिने मला फोन केला. मी विचारलं, एम.एस्सी. का नको? ती म्हणाली, "सर, दगड मला आवडतो. पण दगडापाशी कुणी चूल मांडली असली तर जास्त आवडतो."

स्थळं तिने नाकारली. आई दोन महिने तिच्याशी धड बोलली नाही.

पुरातत्त्वाचं एम.ए. सुरू झालं ते मोबाइलवर. खड्डा कसा आखायचा, थर कसे वाचायचे, हे सगळं पडद्यावर. गावात रेंज नव्हती म्हणून ती पांढरीच्या टेकाडावर जाऊन बसायची. ज्या विषयासाठी एवढा खटाटोप, तो विषय टेकाडावर बसून मोबाइलमध्ये बघायचा! तिने हे मला हसत सांगितलं होतं. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

२०२२ मध्ये एम.ए. झालं. पाच वर्षं भरली. आईने धरलेली मुदत संपली आणि हातात नोकरी नव्हती. राज्याच्या पुरातत्त्व खात्यात किंवा केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरली, पण संशोधनाची फेलोशिप थोडक्यात हुकली. मग एका प्रकल्पावर कंत्राटी नोंदणीचं काम केलं, महिना पंधरा हजारांवर. २०२३ मध्ये दुसऱ्या प्रयत्नात ती फेलोशिप, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली, महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ची नोंदणी होऊन पहिला पैसा खात्यात पडेपर्यंत २०२४ उजाडलं. मी सांगितलेली पाच वर्षं प्रत्यक्षात सातच्या आसपास गेली.

तिचा आताचा विषय खापरंच आहे. खापराचा काप घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली मातीत मिसळलेल्या वाळूचे कण ओळखायचे आणि मडकं गावच्या कुंभाराचं की बाहेरून आलेलं, याचा अंदाज बांधायचा. भूशास्त्र घेतलं नसतं तर हे जमलं नसतं, असं ती सांगते. या एका बाबतीत तिसरा रकाना बरोबर निघाला.

कागदावर नसलेला माणूस

२०२३ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी दारात एक तरुण उभा होता. कंपनीचा निळा शर्ट, हातात हेल्मेट. मी ओळखलं नाही. "सर, मी रेणुकाचा भाऊ."

ओंकारला मी २०१७ मध्ये एकदाच पाहिलं होतं. आई-वडील माझ्याशी बोलत असताना तो अंगणात मोटारसायकलची चेन बसवत होता. तेव्हा त्याची आठवी नुकतीच झाली होती. त्याला आत बोलवावं असं आम्हा चौघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

२०१९ मध्ये तो दहावी झाला, ७९ टक्के. पुण्यात बहिणीची खोली आणि मेस चालू होती, दोघांना एकदम बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. तो तालुक्याच्या आयटीआयला गेला, मोटार मेकॅनिक, दोन वर्षं. मग पुण्याजवळच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी वर्ग प्रत्यक्ष सुरू झाले, तेव्हापासून रेणुकाच्या खोलीचं भाडं त्याच्या विद्यावेतनातून जात होतं. हे तिला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, मला नव्हतं.

मी विचारलं, तुला आयटीआयलाच जायचं होतं का?

तो थोडा थांबला. "तसं कुणी विचारलं नाही, सर. पण इंजिनं मला आवडतात, खोटं कशाला बोलू. डिप्लोमा करायचा होता एवढंच." मग म्हणाला, "आयटीआयवरून डायरेक्ट सेकंड इयरला घेतात म्हणे. माझ्यासाठी अजून काही होईल का, ते विचारायला आलोय."

घेतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मी कपाटातून तो जुना फुलस्केप कागद काढला, का कोण जाणे. त्याने चारही रकाने वाचले, काही बोलला नाही. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर प्रवेशाची कागदपत्रं लिहून घेतली: दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. मी त्याचा फोटो काढून त्याला पाठवला आणि कागद ठेवून घेतला.

त्या वर्षी त्याला जमलं नाही. पुढच्या वर्षी बहिणीची फेलोशिप सुरू झाली आणि त्याने कारखाना सोडला.

आज असंच प्रकरण आलं तर

मी आता मुलाला एकट्याला बोलावत नाही, नुसतं आई-वडिलांसोबतही नाही. धाकटं भावंड असेल तर तेही यावं, मग ते पाचवीत का असेना. निदान त्याचं नाव कागदावर असतं.

"आवड की पैसा" असा प्रश्न घेऊन आलेल्यांना मी आईचा प्रश्न विचारतो: घर किती महिने थांबू शकतं? आकडा सांगा. आणि मुलाने सांगितलेल्या वर्षांत दोन मिळवून तो आकडा पुरतो का ते पाहा. रेणुकाच्या घरी सात वर्षं असं मी सरळ सांगितलं असतं, तर कदाचित निर्णय बदलला असता. कदाचित ती आज एखाद्या कंपनीत असती आणि ओंकार २०१९ लाच तंत्रनिकेतनात गेला असता. ते वाईट झालं असतं असं म्हणायचा मला अधिकार नाही. रेणुकाला हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी ओंकारला घेऊन बसले असते, तर त्याने मला 'तू जाच' असं म्हटलं असतं. म्हणून तर कुणी त्याला विचारलं नसेल." मला हे अजून पुरतं पचलेलं नाही.

आठ दिवसांची परीक्षा मात्र मी तशीच ठेवली आहे. चित्रकलेकडे वळणाऱ्याला रोज शंभर रेघा, स्वयंपाकाच्या कोर्सला निघालेल्याला लग्नाच्या आचाऱ्यामागे दोन दिवस कांदा. निम्मी मुलं चौथ्या दिवशी येऊन सांगतात, सर, नको. त्यांचं काही बिघडत नाही.

आणि उघड्या राहणाऱ्या प्रत्येक रस्त्यापुढे मी तो बंद होण्याचं वर्ष लिहितो.

सध्याची स्थिती

२०२५ च्या जूनमध्ये ओंकारच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. रेणुकाची फेलोशिप फेब्रुवारीपासून जमा झाली नव्हती. ती अशीच येते, चार-पाच महिने काही नाही आणि मग एकदम. अण्णांनी भाव वाढेल म्हणून सोयाबीन ठेवलं होतं, हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. ते काढलं. बाजारात ४,१०० ने गेलं.